शेवटच्या खोलीतले हात

१

माकडांच्या घरात दिवस उजाडायचा तो पाण्याच्या आवाजानं. पाईपाचं तोंड अंगठ्यानं दाबलं की पाणी चिरकत सुटायचं, पिंजऱ्यांखालचे पत्र्याचे ट्रे दणदणायचे आणि खोल्याखोल्यांतून असा गलका उठायचा, जणू कुणी सकाळीच दारात येऊन भांडण उकरून काढलंय. अंगात झगा, तोंडावर पट्टी, डोळ्यांपुढे प्लॅस्टिकची ढाल आणि कोपरापर्यंत जाड हातमोजे अशा अवतारात धाकटा एकेक पिंजरा धूत पुढे सरकायचा.

तिथे त्याला सगळे धाकटाच म्हणत. त्याची थोरली बहीण, ताई, त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर प्रयोगशाळेत काम करायची, आणि जेवणाचा डबा उघडला की तिच्या तोंडी ‘माझा धाकटा’ आलाच म्हणून समजा. आज धाकट्यानं काय फोडलं, कुणाच्या अंगावर धावून गेला, कुठली नोकरी लाथाडली. ताई गेल्यावर मोठ्या डॉक्टरांनी त्याला पिंजरे धुवायला ठेवून घेतलं, तेव्हा तो सगळ्यांना आधीच ओळखीचा होता. शाळा त्यानं आठवीतच सोडली होती. आई म्हणायची, “अक्कल वाटत होते तेव्हा ताई रांगेत पहिली उभी होती. आणि हा बाहेर सगळ्यांच्या चपलांवर लक्ष ठेवत बसला होता.” त्यावर ताईच सगळ्यांत मोठ्यानं हसायची.

ताईचं काम होतं माकडांच्या रक्तात दडी मारून बसलेले विषाणू हुडकायचं, आणि सापडले की त्यांचं कूळ लावायचं. हा कुणाचा कोण, कुठल्या घराण्यातला, कुणाशी नातं. त्यांच्यातल्या एका जातीला ती रेट्रोव्हायरस म्हणायची. कधी कुणी न पाहिलेला असा एक तिला सापडला होता. काचेच्या बशीतल्या पेशींना तो लागला की त्या एकमेकींत विरघळायच्या, फुगायच्या, आणि सगळा थर साबणाच्या फेसासारखा दिसायचा. तिनं धाकट्याला एकदा सूक्ष्मदर्शकातून दाखवलं होतं.

“हे तर धुण्याचं पाणी आहे,” धाकटा म्हणाला होता.

“गाढवा, अख्ख्या जगात पहिल्यांदा दिसलाय तो.”

“चावतो का?”

“काही करत नाही रे. माकडाला नाही, माणसाला नाही. नुसता आत जातो आणि राहतो. मग तिथलाच होऊन जातो.”

त्या इमारतीत त्या विषाणूला ‘ताईचा’ म्हणत. ताईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली एक माकडीण होती, बारकी. तिनं एकदा ताईच्याच अंगठ्याला कडकडून चावा घेतला, आणि ताईचा विषाणू ताईला लागला. ती त्याचंही हसत सुटली. “माझाच मुलगा माझ्याकडे राहायला आला,” म्हणाली. पुढे महिनाभरानं एका ट्रकनं तिची स्कूटर उडवली. त्या विषाणूचा याच्याशी काही संबंध नव्हता. हे धाकट्याला सगळ्यांनी सांगितलं होतं, आणि त्यालाही ते पटलं होतं.

बारकी आता शेवटच्या खोलीत होती. दुपारी जेवणं झाली की माकडं एकमेकांना टेकून डुलक्या काढायची, तेव्हा धाकटा मनुका घेऊन तिच्याकडे जायचा. ताईचे हात लागलेलं जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

त्या दुपारी तो गेला तर बारकी उताणी झोपली होती.

माकडं बसून झोपतात. पाठ टेकून, पोट उघडं टाकून झोपलेलं माकड त्यानं आजवर पाहिलं नव्हतं. तिचे डोळे अर्धवट उघडे होते. डावा हात अंगालगत सरळ, तळवा वर. आणि मग उजवा हात सावकाश उचलला गेला, सरळ छताकडे. बोटं पसरली. मिटली. पुन्हा पसरली. वर काही नव्हतं, नुसती ट्यूबलाईट. हात तसाच चाचपडत राहिला आणि मग दोरी कापल्यासारखा धपकन खाली पडला.

धाकट्यानं मनुका जाळीतून आत टाकली. तिनं पाहिलंसुद्धा नाही.

२

“पोटात वारा धरला असेल,” मामा म्हणाले.

मामा तिथले सर्वांत जुने रखवालदार. त्यांच्या मते माकडांना होणाऱ्या निम्म्या गोष्टी वाऱ्यानं होत आणि उरलेल्या निम्म्या साहेब लोकांमुळे.

“वारा धरला तर हात वर करतात?”

“शाळेत तू नव्हतास करत? येत काही नसताना?” मामा स्वतःच खूश होऊन हसले. मग त्याचं तोंड बघून म्हणाले, “अरे लेका, माकड आहे ते. उद्या टाळ्या वाजवेल. त्याचंही टेन्शन घेशील?”

धाकट्यालाही वाटलं, खरंच की. दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम सगळ्या खोल्यांतून फिरला. बाकीच्या खोल्यांत माकडं आपापली बसून पेंगत होती, एकमेकांच्या पाठी खाजवत होती. त्याचा जीव जरा भांड्यात पडला. मग तो शेवटच्या खोलीत गेला.

आता बारकीच्या शेजारच्या पिंजऱ्यातला हुप्पा पण उताणा होता. पलीकडची म्हातारी माकडीणसुद्धा. सगळ्यांचे डावे हात अंगालगत. आधी एक हात वर आला, मग दुसरा, मग तिसरा. कुणाचाही आवाज नाही. एरवी शिंक आली तरी बोंब ठोकणारी ती खोली इतकी शांत होती की ट्यूबलाईटची गुणगुण ऐकू येत होती. आणि बोटं उघडमिट करत होती, सगळ्यांची एकाच चालीत.

हे एकमेकांचं बघून शिकलेत, असं त्यानं स्वतःला समजावलं. माकडं नक्कल करतात, हे तर पोराटोरांनाही माहीत आहे. पण पिंजऱ्यांच्या मध्ये पत्रे होते. म्हातारीला बारकी दिसत नव्हती.

तो तसाच जिना चढून मोठ्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर माणूस भला होता. ताईच्या रिकाम्या खुर्चीवर अजून कुणाला बसू देत नसे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खाली येऊन पाहिलंही. पण ते आले तेव्हा दुपार सरली होती आणि सगळी खोली उठून दंगा करत होती.

“त्या खोलीतच का, सर?” धाकट्यानं विचारलं. “बाकी कुठेच नाही.”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावरही पुसतच राहिले.

“त्या खोलीला आम्ही ताईचा दिलाय,” ते म्हणाले. “तिच्यातून परत मिळालेला.”

“म्हणजे?”

“चावा झाला की आमच्याकडे चावलेल्या माणसाचं रक्त नेमानं तपासतात. ती दवाखान्यात होती तेव्हाही तो नेम आम्ही मोडला नाही. तुझ्या आईला विचारलं होतं मी. शेवटचा नमुना तर... ती गेली त्याच दुपारी घेतला. त्यातून तो वाढला. मग तो परत माकडांत घालून बघायचा होता. माणसातून जाऊन आल्यावर तसाच राहतो की काही बदलतं, एवढंच.”

धाकट्याचे कान तापले. एरवी अशा वेळी त्याचा हात समोरच्याच्या कॉलरला जायचा. आज गेला नाही.

“म्हणजे ताईतलं काहीतरी आहे त्यांच्यात.”

“विषाणू आहे. ताई नाही.”

“पण तुम्हीच सांगता ना, तो आत जाऊन तिथलाच होतो? मग निघताना तिथलं काही घेत नाही?”

डॉक्टर जिन्याकडे वळले होते. ते थांबले. “कधी कधी घेतो,” ते म्हणाले. “अगदी एखादा तुकडा. पण तो असला नसतो, बाळ.”

३

घरी आई रोज एकच गोष्ट विचारायची. ताट वाढताना, दिवा लावताना, कधी पाठमोरी असताना.

“झोपेतच गेली ना रे?”

“झोपेतच, आई.”

“त्रास नाही झाला ना?”

“डॉक्टर म्हणाले की, शांत गेली.”

दवाखान्यात ताई काचेपलीकडच्या खोलीत होती. दोघांना आत सोडत नव्हते. आई बाहेरच्या बाकावर पदराचं टोक पिळत बसायची आणि दार उघडलं की उभी राहायची. आतून कुणी आलं की म्हणायची, “फक्त हात लावून येते हो. काही बोलणार नाही.” आणि तेही रोज म्हणायचे, “थोडं थांबा, आजी.” त्या दुपारी दार उघडलं तेव्हाही ती उभी राहिली होती. तेव्हा थांबायला काही उरलं नव्हतं.

माकडांचं तिला सांगायचं नाही, हे धाकट्यानं ठरवलं. सांगणार तरी काय? पण ती आत भाजी चिरत असताना तो बाहेर ताईच्या पलंगावर उताणा पडला आणि करून बघितलं. उजवा हात वर. बोटं पसरायची, मिटायची. काही वाटलं नाही. वेड्यासारखं मात्र वाटलं. पुन्हा केलं, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपला डावा हात आपोआप हलतोय, तोल सावरायला, उशी सारखी करायला. त्यांचा डावा हात कधीच हलत नव्हता. मनगट फरशीला खिळल्यासारखं असायचं. म्हाताऱ्या माकडिणीचं तर नुसतं कातडं थरथरायचं तिथे, ओढ लागल्यासारखं. जसं काही ती हात उचलू बघतेय आणि तो उचलला जात नाहीये.

“काय करतोयस रे तिथं?” आईनं आतून हाक मारली.

“काही नाही. पडलोय.”

“तिच्या पलंगावर?”

तो उठून बसला. आत विळीचा आवाज थांबला.

४

दवाखान्याच्या मागच्या दाराशी पाळी संपलेल्या नर्सबाई बाहेर पडतात, हे त्याला ठाऊक होतं. काचेपलीकडे जिला येताजाता बघितलं होतं, ती त्यानं चालीवरून ओळखली. जाडजूड, पायानं किंचित अधू.

“ताईचा भाऊ ना तू?” तिनंच आधी ओळखलं. “काच फोडायला निघाला होतास तो?”

“हो.”

“आता काय फोडायला आलास?”

“एक विचारायचंय. खरं सांगाल?”

ती पर्समधून छत्री काढत होती. तिनं ती परत आत ठेवली. “बाबा, गेलेल्या माणसाचं काय विचारायचं असतं?”

“तिचा हात,” धाकटा म्हणाला. “शेवटी ती हात वर करत होती का? उजवा?”

नर्सबाईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिनं दाराकडे पाहिलं. दोघी-तिघी बाहेर पडत होत्या. त्या लांब जाईपर्यंत ती थांबली.

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही.”

“त्या वेळी तिथे मी एकटीच होते. दुसरं माणूस नव्हतं.”

“मग करत होती.”

“शुद्धीवर येत होती मधूनच. घशात नळी, बोलता येत नाही. वर हात करायची, असा, काहीतरी पकडायला. मी धरला होता रे एकदोनदा. पण पलीकडच्या खाटेवर एक जण... एकीला किती हात असतात? परत येईपर्यंत...” तिनं तोंडावर पदर घेतला. मग पदराआडूनच म्हणाली, “तुम्हाला शांत गेली सांगितलं ना? तेच बरं असतं. तेच खरं धरून चाल.”

“आणि डावा?”

“डावा काय?”

“डावा हात हलत का नव्हता?”

“बांधलेला होता,” नर्सबाई म्हणाली. “सुई होती त्यात. पेशंट उपटून काढतात, म्हणून खाटेला पट्टीनं बांधतो आम्ही. मीच बांधला होता.”

५

दुसऱ्या दिवशी माकडांच्या घरात पोचतो तो मामा दारातच भेटले. आज त्यांनी विनोद केला नाही.

“शेवटची खोली उद्या झोपवणार आहेत,” ते म्हणाले. “अभ्यास संपला. आता कापून आतून बघायचं.”

धाकटा एकेक पायरी सोडत जिना चढला. डॉक्टरांपुढे त्यानं हात जोडले, मग टेबलावर हात आपटले, मग परत जोडले. बारकीला तरी द्या म्हणाला. घरी नेतो, बांधून ठेवतो, पगार नको. डॉक्टर शेवटपर्यंत मान खाली घालून उभे होते. “तिला बाहेर नेता येत नाही, बाळ,” एवढंच म्हणत राहिले. “हे तुझ्या ताईनंच केलेले नियम आहेत.”

दुपारी मामा जेवायला गेले. धाकटा शेवटच्या खोलीत शिरला आणि आतून कडी लावली.

सगळी उताणी होती. पिंजऱ्यांच्या दोन्ही रांगा, खालून वरपर्यंत. हात अजून वर आले नव्हते. तो बारकीच्या पिंजऱ्यापुढे गुडघ्यांवर बसला. तिचे डोळे अर्धवट उघडे होते आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिची छाती विचित्र हलत होती, एका मापात, दुसरंच कुणी तिच्या आत हवा भरत असल्यासारखी. आणि मग खोलीतल्या सगळ्या छात्या त्याच मापात हलू लागल्या.

त्यानं उजवा हातमोजा काढला. असं करायचं नसतं, हे तिथे पहिल्या दिवशी पहिल्यांदा शिकवतात. त्यानं दाणे टाकायची खिडकी सरकवली आणि हात आत घातला.

बारकीचा हात वर आला. बोटं पसरली. त्यानं तो हात धरला.

केवढासा तळवा. गार, कोरडा, सुरकुतलेला. पण ती पकड माकडाची नव्हती. माकड बोट धरतं ते ओरबाडायला किंवा ओढायला. ही नुसती घट्ट होती. आणखी घट्ट. बुडणाऱ्या माणसाची असते तशी. त्याला रडू फुटलं. “ताई, मी आहे,” तो म्हणाला. “ताई, इथंच आहे मी. आम्ही बाहेरच होतो गं. सोडत नव्हते आम्हाला.”

छाती हलायची थांबली नाही, पण बारकीचे डोळे मिटले. तो किती वेळ तसा बसला कुणास ठाऊक. मग त्याला वाटलं की मागं काहीतरी सरकलं, आणि त्यानं मान वळवली.

हात वर आलेले होते. सगळे. पण आता ते छताकडे नव्हते. जाळीतून बाहेर आले होते, खांद्यापर्यंत, त्याच्या दिशेनं. समोरच्या रांगेतले, बाजूचे, वरच्या पिंजऱ्यांतले त्याच्या डोक्यावर लोंबणारे. ज्यांना तो पत्र्यामुळे दिसूही शकत नव्हता त्यांचेसुद्धा. प्रत्येक हात उघडत होता, मिटत होता. आणि एकाही घशातून आवाज नव्हता.

त्या एकेका हातात ताईच होती. प्रत्येकीची तीच दुपार चालू होती, आणि प्रत्येकीजवळ कुणी नव्हतं.

त्यानं डावा मोजा दातांनी ओढून काढला आणि शेजारचा हात धरला. तिसरा त्याच्या कानाला लागला. चौथा मानेवर. तो “थांब, थांब, येतो” म्हणत राहिला. त्याला दोनच हात होते. दुसऱ्यांकडे जायचं तर बारकीला सोडायला हवं होतं. त्यानं बोटं सोडवायला सुरुवात केली, एकेक, हळूहळू. ती सुटेनात. मग त्यानं हिसका दिला. नखं तळव्यातून ओरखडत गेली आणि रक्त आलं.

बारकीचा हात हवेत राहिला. चाचपडला. पडला.

त्यासरशी सगळे पडले.

मामा दार ठोकत होते. धाकट्यानं रक्ताचा हात झग्यात लपवला आणि कडी काढली. मामांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग खोलीकडे. उठून बसलेली माकडं अंग खाजवत होती.

“रडलास होय रे?” मामा म्हणाले. “रड. ताईसाठी कोण नाही रडलं?”

जखमेचं त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर धुऊन टाकली असती.

६

माकडांना झोपवून झाल्यावर शेवटची खोली धुवायला दुसऱ्याच कुणाला पाठवलं. तिथं नवी माकडं येणार होती. धाकटा मन लावून काम करत होता, भांडत नव्हता. मामा म्हणत, ताईनं जाता जाता शहाणपण वाटून दिलं याला. तळव्यावरचे ओरखडे भरून आले. तो रोज ते उजेडात धरून बघायचा आणि वाट पाहायचा. काही होत नव्हतं. ताई म्हणालीच होती, काही करत नाही तो. त्याला कधी सुटल्यासारखं वाटे, आणि कधी पोरकं झाल्यासारखं.

सुट्टीच्या दिवशी जेवून तो जरा लवंडला होता. खिडकीतून ऊन येऊन पायांवर पडलं होतं. आत आई भांडी घासत होती. त्याला पाणी हवं होतं म्हणून तो हाक मारायला गेला.

घशात काहीतरी होतं.

दुखत नव्हतं. नुसतं होतं, आडवं, गुळगुळीत, खोलवर गेलेलं. छाती फुगली. त्यानं फुगवली नव्हती. खाली बसली, पुन्हा फुगली. छताकडे बघता बघता त्याला समजलं की आपण केव्हाचे उताणे झालोय. डाव्या कुशीवर वळायला गेला तर डावा हात येईना. मनगटाभोवती घट्ट, जरा कापणारं असं काहीतरी होतं. मान वळवता येत नव्हती, पण तिथे काही नाही हे त्याला माहीत होतं. आपण घरी आहोत, पायांवर ऊन आहे, हेही माहीत होतं. ते सगळं फार लांबचं होतं, काचेपलीकडचं.

मग उजवा हात वर गेला.

त्याला कळलं, ताईला शेवटी काय हवं होतं. पाणी नाही, डॉक्टर नाही. बाकावरून उठून उभं राहिलेलं माणूस तिला काचेतून दिसत होतं. तिला त्याला सांगायचं होतं, मी इथे आहे. बोटं उघडली. मिटली. हवा हाताला लागली, नुसती हवा.

आत भांड्यांचा आवाज थांबला. पावलं दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. आता ती किंचाळेल, शेजाऱ्यांना बोलवेल, त्याला वाटलं. आई त्या हाताकडे बघत बराच वेळ उभी राहिली, दवाखान्यात काचेतून बघायची तशीच. तिच्या ओल्या हातांवरून पाणी फरशीवर ठिबकत होतं.

मग ती आली, पलंगाच्या कडेला बसली, आणि तिनं तो हात दोन्ही हातांत घेतला.

“आले गं,” आई म्हणाली. “आले. या वेळी सोडलं त्यांनी मला आत.”

हाताची बोटं तिच्या बोटांत मिटली आणि मिटलेलीच राहिली. धाकट्यानं आत कुठेतरी हंबरडा फोडला, पण नळीतून तो बाहेर आला नाही. थोड्या वेळानं आईनं आपला एक हात सोडवून घेतला, त्याच्या अंगावरून पलीकडे वाकली, आणि त्याच्या डाव्या मनगटाशी, जिथे काहीच नव्हतं तिथे, नखानं गाठ सोडवायला लागली.

गाठ घट्ट होती. तिला वेळ लागला.